पुट्टीचा बाक

इलकलच्या विणकर गल्लीत उजाडलं की माग खडखडू लागतात, आणि मग बोलायचं तर जरा मोठ्यानंच बोलावं लागतं. दानम्मा ओसरीवर मांडी घालून पदराचे लाल रेशमी धागे साडीच्या धाग्यांना जोडत बसली होती. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचं. एकदा बोटं लागली की माणूस बोलायला मोकळा. शेजारची शंकरव्वा ताकाचा तांब्या घेऊन दारात टेकली.

"आज नवं लुगडं काढलंय. कुठं निघाली स्वारी?"

"बेण्णूरहट्टीच्या शाळेत. बोलवणं आलंय."

"परत तो रोग सांगायला?"

"रोगाचं तिथल्या भिंतीवर लिहिलेलं असतं की. मी माझं सांगायला जाते."

शंकरव्वा हसली. "तुझा हंगाम सुरू झाला म्हण की."

हंगाम हा शब्द दानम्माचाच. डिसेंबरातला एड्स दिन जवळ आला की शाळांना तिची आठवण व्हायची. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांनी मिळून एक मंडळ काढलं होतं, आणि त्यातल्या ज्यांची तोंड उघडायची तयारी होती त्यांना मंडळ शाळाशाळांतून पाठवत असे. तशी तयारी फार थोड्यांची. दानम्मा त्यात पहिली. नऊ वर्षं ती गोळ्या खात होती. अंगानं धडधाकट होती, जिभेची तिखट होती. तिच्या मनात एक साधा हिशेब होता. पुस्तकातल्या चित्राला पोरं भितात. समोर जिवंत बाई उभी राहिली, हसली, चिडली, तिनं आपल्या भाकरी-भाजीच्या गोष्टी सांगितल्या, की ती भीती निम्मी उतरते. हे तिनं कितीदा तरी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून ती जायची. येण्याजाण्याचं बसभाडं आणि एक शाल, एवढीच त्याची कमाई.

बेण्णूरहट्टीच्या फाट्यावर शैलजा मॅडम तिला घ्यायला आल्या होत्या. विज्ञान शिकवणारी तरुण बाई, बोलायला मऊ. वाटेत म्हणाल्या, "मीच सरांच्या मागं लागले होते, अक्का. दोन वर्षं नाही म्हणत होते. यंदा आपणहून म्हणाले, बोलवा त्या बाईंना. मला तर आश्चर्यच वाटलं."

दानम्माला त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही. माणसं बदलतात, असं तिला वाटलं. पुढं तिला स्वतःच्या या भोळेपणाचा संताप आला.

मुख्याध्यापक कुप्पस्त सर कपाळाला विभूती लावलेले, हात जोडूनच बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या खोलीत चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मागवली होती. सर आणि मॅडम यांच्यापुढं स्टीलच्या बशा आल्या. दानम्मापुढं कागदाची आली. त्यांना काचेच्या पेल्यात चहा, तिला कागदी कपात. खुर्चीही तिच्यासाठी वेगळी, बाहेरून आणलेली, एक हात मोडलेली.

हे नेहमीचंच होतं. पण नेहमीचं झालं म्हणून गिळवतं असं नाही.

"सर, शाळेत पेले कमी आहेत का?"

"छे छे, तसं काही नाही, अक्का. तुमच्या सोयीसाठी. कागदी कप कसा, स्वच्छ असतो."

"मग तुम्हीपण घ्या की स्वच्छ."

शैलजा मॅडमनी मान खाली घातली. सर हसले. हसून त्यांनी शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितलं आणि खुर्ची जरा पुढं सरकवली. फार नाही, थोडीशीच.

"अक्का, तुम्ही दर महिन्याला त्या दवाखान्याच्या रांगेत असता. आसपासच्या गावची सगळी माणसं तुम्हाला तोंडओळखीनं ठाऊक असणार."

"असतील."

"आमच्या गावात जरा कुजबुज आहे. आठवीतल्या एका पोरीबद्दल. आईबाप लागोपाठ गेले, आजीजवळ असते. कशानं गेले ते कुणी बोलत नाही. आता शाळा म्हटली की सगळ्यांचीच लेकरं. आम्हाला माहिती असलेली बरी. नाही का? तुम्ही नुसता वर्गावरनं हात फिरवल्यासारखी नजर फिरवायची. तोंडानं काही बोलू नका. मान हलवली तरी चालेल."

तेव्हा दानम्माला कळलं की दोन वर्षं नकार देणाऱ्या माणसानं यंदा आपणहून बोलावणं का धाडलं. तिला भाषणाला बोलावलं नव्हतं. जनावराच्या बाजारात पारख करायला जाणता माणूस नेतात, तसं तिला आणलं होतं.

"सर, कायदा आहे," ती म्हणाली. आवाज ताब्यात ठेवायला तिला कष्ट पडले. "असं कुणाला विचारायचं नाही. दुसऱ्याचं सांगायचं नाही. आणि यावरनं लेकराला शाळेतनं काढायचं तर नाहीच नाही."

"काढायचं कोण म्हणतंय? मी माहिती विचारतोय."

"आमच्या रांगेत माणसांना नावं नसतात. तोंडंही नसतात. मला काही ठाऊक नाही."

"राहिलं तर मग," सर हात जोडून म्हणाले. "चला, पोरं वाट बघताहेत."

त्याच पावली परत फिरावं असं तिला वाटलं. शैलजा मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनाही हे नवीन होतं, हे दिसत होतं. पण आपण निघून गेलो तर पोरांपुढं काय उरेल? भिंतीवरचं चित्र आणि हा माणूस. दानम्मा वर्गात गेली.

आठवी आणि नववी एकत्र बसवली होती. बाकांवर तिघं-तिघं, मागं काही उभी. सरांनी ओळख करून दिली. "मुलांनो, आयुष्यात पाऊल वाकडं पडलं की काय होतं, हे आज या अक्का स्वतःच्या तोंडानं सांगणार आहेत." शाल तिच्या खांद्यावर कुणी घातली नाही, ताटात ठेवून ताट पुढं केलं. मग सर जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. तिथून त्यांना पोरांच्या पाठी दिसत होत्या आणि दानम्माचा चेहरा समोर दिसत होता.

ती पोरगी तिसऱ्या बाकावर खिडकीशी होती.

दवाखान्याच्या रांगेत ती आजीच्या पदराला धरून उभी राहायची तेव्हा चार वर्षांची होती. आता तेरा-चौदाची झाली होती. रांग लांब असली की दानम्मा तिला मांडीवर घ्यायची, शेंगदाण्याचा लाडू द्यायची. गोळी कडू लागते म्हणून रडायची तेव्हा तिला खोट्या गोष्टी सांगून गोळी गिळायला लावलेली. ते पोर आता निळ्या गणवेशात, दोन वेण्या घालून, ओठ घट्ट मिटून बसलं होतं. दानम्मा पुढं येऊन उभी राहिली तेव्हाच तिचे हात बाकाखाली गेले होते.

दानम्मानं नजर तिथून उचलली आणि परत त्या बाजूला नेली नाही. उजवीकडच्या पोरांकडे बघून ती बोलू लागली.

"सर म्हणाले ते आधी खोडते. माझं पाऊल वाकडं पडलं की सरळ, ते मी सांगणार नाही. मला हे कसं झालं, असं सगळे विचारतात. नवऱ्याकडनं झालं म्हटलं की म्हणतात, बिचारी. दुसरं काही म्हटलं तर थुंकतात. म्हणून मी हा प्रश्नच घेत नाही. तुमच्यापैकी कुणाला कावीळ झाली तर कुणी विचारतं का, तुझं पाऊल कुठं वाकडं पडलं?"

मागून कुणीतरी हसलं. वर्ग जरा सैल झाला.

मग तिनं नेहमीसारखं सांगितलं. हा विषाणू कसा पसरतो आणि कसा पसरत नाही. एका ताटात जेवलं, एका बाकावर बसलं, हात धरला, एकाचं पाणी दुसऱ्यानं प्यायलं तर काही होत नाही. रोज गोळी घेतली की माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, लग्न करतो, निरोगी लेकरं होतात. तिच्या मागाचं सांगितलं, शंकरव्वाशी होणारी तिची भांडणं सांगितली. पोरं ऐकत होती. खरोखर ऐकत होती. एका मुलीनं विचारलं, "अक्का, रोजची गोळी विसरलं तर?" दुसऱ्यानं विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा कळलं तेव्हा रडला का?" ती म्हणाली, "रडले. मग भूक लागली. भाकरी थापली आणि खाल्ली." यावर सगळा वर्ग हसला.

मग मधल्या रांगेतला एक उंच मुलगा उठला. दणकट, कुणा बड्या घरचा असावा.

"अक्का, आमचे अप्पा म्हणतात, अशी माणसं गावाबाहेर ठेवायला पाहिजेत. चांगल्या माणसांना कशाला धोका?"

"तुझे अप्पा डॉक्टर आहेत?"

"ग्रामपंचायतीत आहेत."

"मग त्यांना म्हण, गटाराचं बघा आधी."

परत हसू उठलं. मुलगा चिडला. तो बसला नाही. त्यानं मान वळवून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या गावातपण आहे म्हणतात एक. आमच्याच वर्गात आहे. आम्हाला काय भीती वाटत नाही का?"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. तिसऱ्या बाकावरच्या दुसऱ्या दोघी हळूच बाजूला सरकल्या. ती पोरगी उठली. दप्तर न घेताच ती दाराकडे निघाली. दार मागच्या बाजूला होतं. कुप्पस्त सरांनी एक पाऊल पुढं टाकून तिचा दंड धरला.

"कुठं निघाली? पाहुण्या बोलताहेत ना? का, तुला काही त्रास होतोय? सांग की सगळ्यांना, काय त्रास होतोय."

दंड सोडवून घेण्याचंही पोरीला सुचलं नाही. सर तिच्याकडे पाहत नव्हते. ते तिच्या डोक्यावरून दानम्माकडे पाहत होते.

दानम्माच्या डोक्यात राग चढला. तिचा राग वाईट, हे तिला ठाऊक होतं, पण एरवी तो तिच्या जिभेच्या कह्यात असे. आज उलटं झालं.

"सोडा तिचा हात," ती ओरडली. "पुट्टी, ये ग, इकडं माझ्याजवळ बस."

खिडकीबाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं, त्याचा आवाज तेवढा आत येत होता.

सरांनी पोरीचा दंड सोडला. अगदी सावकाश, मऊ आवाजात ते म्हणाले, "हिचं नाव भुवनेश्वरी. हजेरीत तेच आहे. पुट्टी हिला घरात म्हणतात. तुम्हाला कसं माहीत, अक्का? या गावात तुम्ही आज पहिल्यांदा आलात ना?"

"माझ्या नात्यातली आहे," दानम्मा म्हणाली. ती बोलत असतानाच तिला कळलं की हे टिकणार नाही.

"हिला आजीशिवाय नातं नाही. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

पुट्टीनं दानम्माकडे एकदाच पाहिलं. मग ती दारातून बाहेर पळाली.

खोलीत परत आल्यावर कुप्पस्त सरांनी दार लावून घेतलं नाही. आता त्याची गरज नव्हती.

"बघा, मी काही विचारलंच नाही. तुम्हीच बोललात. सगळ्यांसमोर बोललात. कायदा तुम्हालाच ठाऊक, मला नाही."

"तिला शाळेतनं काढाल तर मंडळ कोर्टात जाईल."

"काढतंय कोण? आम्ही काय राक्षस आहोत का? तिनं घरी बसून अभ्यास करावा. हजेरी आम्ही लावू. परीक्षेला यायचं, वेगळ्या खोलीत बसायचं. गावाची शांतता राहील, पोरीचंही वर्ष वाचेल. यापरीस माणुसकी कुठं बघितली तुम्ही?"

शैलजा मॅडम मध्येच म्हणाल्या, "सर, हे बरोबर नाही."

"मॅडम, तुमची कायमची ऑर्डर अजून यायची आहे," सर म्हणाले. तेही मऊ आवाजातच.

दानम्मानं शालीचं ताट त्यांच्या टेबलावर परत ठेवलं. जाताना मागं वळून पाहिलं तर शिपाई ती बसलेली खुर्ची फिनाईलच्या फडक्यानं पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं ते फडकं लांबून कोपऱ्यात फेकलं.

पुट्टीच्या आजीचं, गुरव्वाचं घर गावाच्या टोकाला, जोंधळ्याच्या रानाला लागून होतं. म्हातारी दारात शेंगा फोडत होती. दानम्माला पाहून तिनं शेंगा ठेवल्या. काही न विचारता तिला सगळं कळलं होतं. पोर धावत आलं होतं ते तिनं पाहिलं होतं, आणि गल्लीतलं कुणीतरी आधीच येऊन तोंड वाजवून गेलं होतं.

"नऊ वर्षं," म्हातारी म्हणाली. "नऊ वर्षं मी तालुक्याला जाताना कडेवर सुपारीची टोपली घेत होते. बाजाराला जाते म्हणून. एकाला कळू दिलं नाही. तू एका हाकेत..."

"आय, माझी चूक झाली."

"चूक झाली म्हणून ती दुरुस्त होती का?"

दानम्मा उंबऱ्यावर बसली. तिला वाटलं, आपण परत तालुक्याला जावं, मंडळाच्या लोकांना सांगावं, वकील बघावा, अर्ज करावा. हे सगळं करावंच लागेल. पण अर्ज फिरून येईपर्यंत पोरगी चुलीपुढं बसेल, आणि एकदा चुलीपुढं बसलेली पोरगी परत शाळेत गेलेली तिनं पाहिली नव्हती.

आतून पुट्टी बाहेर आली. गणवेश बदलला नव्हता. डोळे सुजलेले, पण आता ती रडत नव्हती.

"मला उद्या शाळेत जायचंय," ती म्हणाली.

"जाशील ग बाळा. आपण काहीतरी..."

"काहीतरी नाही. उद्या. गणिताचे सर नवीन प्रकरण काढणार आहेत. माझं दप्तरपण तिथंच आहे." ती दानम्मासमोर येऊन उभी राहिली. "पण माझ्याजवळ कुणी बसणार नाही. त्या दोघी आजच सरकल्या, मी बघितलं. तुम्ही मला सगळ्यांसमोर हाक मारली ना, अक्का? माझ्याजवळ ये, बस, म्हणाला ना? मग उद्या तुम्ही येऊन बसा माझ्याजवळ."

"पुट्टी, मोठ्या बायका का वर्गात..."

"तुम्हाला लाज वाटते?"

दानम्माच्या आयुष्यात खूप लोकांनी तिला खूप गोष्टी ऐकवल्या होत्या. सासरच्यांनी घराबाहेर काढताना ऐकवल्या, भावानं दार लावताना ऐकवल्या. इतकं खरं मात्र कुणी ऐकवलं नव्हतं.

"नाही वाटत," ती म्हणाली. "भाकरी आहे का घरात? मी आज इथंच राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर दोघी आठवीच्या वर्गात शिरल्या. तिसरा बाक पूर्ण रिकामा होता. त्यावर पुट्टीचं दप्तर जिथं होतं तिथंच पडलेलं होतं. कुणी हात लावला नव्हता. पुट्टी खिडकीशी बसली, दानम्मा मधल्या जागेवर. बाक तिला लहान पडत होता. गुडघे पुढच्या फळीला टेकत होते.

पहिला तास शैलजा मॅडमचा होता. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि फळ्याकडे वळल्या. त्यांनी शिकवायला सुरुवात केली. त्यांनी काही म्हटलं नाही. त्यांना म्हणायला हवं होतं. पण ज्यांच्या डोक्यावर नोकरीची टांगती तलवार असते त्यांना आपण सगळे फार लवकर माफ करतो, म्हणून ते इथं लिहून ठेवतो.

कुप्पस्त सर धावत आले. "अक्का, हे काय चाललंय? उठा आधी. हा वर्ग आहे."

"तुम्हीच बोलवलं होतं वर्गात बोलायला, सर. माझं बोलणं काल अर्धंच राहिलं."

"मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. त्यांनाही सांगते. नंतर मंडळाचे वकीलही येतील. तोवर मी इथंच बसते. उद्याही येईन. परवाही येईन. माझा माग इलकलला आहे, तो थोडे दिवस बंद राहील. पोरीचं शिकणं बंद राहणार नाही."

तासाभरात पालक जमले. वर्गाच्या दारात, खिडक्यांशी, ओट्यावर. उंच मुलाचे अप्पा सगळ्यांच्या पुढं होते. "ही बाई आमच्या लेकरांत बसली तर आमची लेकरं घरी नेतो," ते म्हणाले. आणि त्यांनी आपला मुलगा दंडाला धरून बाहेर नेला. मागोमाग आणखी दोघांनी नेले. मग आणखी. बायका रडक्या आवाजात आपापल्या पोरींना हाका मारत होत्या, जणू वर्गात साप निघाला होता. दप्तरांचे आवाज, चपलांचे आवाज. ज्या पोरांनी काल दानम्माला गोळी विसरली तर काय होतं असं विचारलं होतं, ती पोरंही मान खाली घालून निघाली. आईबापांच्या हातात त्यांचे हात होते. त्यांचा दोष काय?

दानम्मा उठून दारात गेली. तिनं ओरडायचं टाळलं. तिनं ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "तुमच्या मामलेदार कचेरीत, तुमच्या बसमध्ये, तुमच्या देवळाच्या जेवणावळीत तुमच्याजवळ कोण बसतं, ते तुम्ही विचारता का? मग या पोरीचंच का विचारता? ती लहान आहे, तिला बाप नाही, म्हणून?"

एक म्हातारा म्हणाला, "बाई, आम्हाला काय कळतंय." आणि त्यानंही नातवाला नेलं.

ज्यांना कळत नाही त्यांना समजावता येतं. दानम्माला राग त्यांचा नव्हता. खोलीत बसून फोनवर "हो साहेब, बाहेरच्या बाईनं गोंधळ घातलाय" असं सांगणाऱ्या माणसाचा तिला राग होता. त्याला सगळं कळत होतं. पेल्याचं कळत होतं, बाकाचं कळत होतं, कायदाही कळत होता. गावाच्या भीतीआड त्यानं स्वतःची भीती लपवली होती आणि तिला शांतता असं नाव दिलं होतं.

ती परत येऊन बाकावर बसली. वर्गात आता मोजकी पोरं उरली होती, पुढच्या बाकांवर, एकमेकांना चिकटून. फळ्यावर अर्धवट लिहिलेलं वाक्य होतं. शैलजा मॅडमनी ते पूर्ण केलं आणि पुढचं लिहू लागल्या. पुट्टीनं वही उघडली. पहिल्या ओळीवर तिनं तारीख घातली आणि लिहून घ्यायला लागली. तिचं अक्षर सुरेख होतं. मधूनमधून ती कोपरानं दानम्माला ढोसायची, कारण दानम्मा जागा जास्त व्यापत होती.

दानम्मा तिथं रोज येते. माग बंद ठेवून येते. बाकावर तिघांची जागा आहे. एका बाजूला पुट्टी बसते, मधे दानम्मा, आणि तिसरी जागा रिकामी आहे. एखाद्या शहाण्या आईनं आपल्या लेकीला हाताला धरून तिथं आणून बसवावं म्हणून ती रिकामी ठेवलेली आहे. तसं कुणी येईल तेव्हा दानम्मा उठेल आणि इलकलच्या बसनं आपल्या मागाकडे जाईल.

अजून कुणी आलेलं नाही. बेण्णूरहट्टी लांब आहे असं आपल्याला वाटत असेल, तर आपल्या गल्लीतल्या शाळेत जाऊन एकदा बाकांवरच्या अशा रिकाम्या जागा मोजून याव्यात.